लई जणांचं कुलूप

शुक्रवार पेठेतल्या एका बोळात एक सागवानी दार आहे. चौकटीवर गणपती कोरलेला. त्याच्यावर तेलरंगाचे इतके हात बसलेत की सोंड आता अंदाजानंच ओळखायची. दाराच्या कडीला तीन कुलपं. एक गंजून काताच्या रंगाचं झालेलं, एक पितळी आणि दणकट, आणि तिसरं ताजं, अंगावर अजून कंपनीचा कागद चिकटलेला. तिन्ही एकाच कडीत, शेजारी शेजारी. म्हणजे आत पाऊल टाकायचं तर तीन किल्ल्या एका दिवशी, एका वेळी त्या ओट्यावर जमल्या पाहिजेत.

फटीतून आतलं दिसतं. देवडी, तिच्यापलीकडे चौक, चौकात गुडघाभर रान आणि सोप्याच्या जागी मातीचा ढीग. ढिगातून तुळईचं एक टोक वर आलंय. माळवद बसलंय.

समोरच्या ओट्यावर एक आजी सुपात शेंगदाणे निवडत होत्या. सोलापुरात हे दृश्य बारमाही. मी विचारलं, "आजी, हे घर कुणाचंच नाही वाटतं?"

आजींनी एक खवट दाणा बाजूला टाकला. "कुणाचं नाई कसं? लई जणांचं हाय की ओ."

पुढचे चार महिने मी सोलापूरच्या पेठांतून बंद घरं बघत हिंडलो, सिटी सर्व्हेचे उतारे चाळले, कायद्याची पुस्तकं उघडली. या सगळ्यातून जे हाती लागलं ते आजींनी पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. पेपरात आपण 'बेवारस मिळकत' असं सरसकट लिहितो. बेवारस म्हणजे ज्याला वारस नाही ते. सोलापूरच्या जुन्या गावठाणात खरंखुरं बेवारस घर शोधून सापडत नाही. सापडतात ती वारसांच्या गर्दीत गुदमरलेली घरं.

माळवद म्हणजे काय हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला थोडं सांगायला हवं, कारण रिकामं घर पडतं कसं ते त्यातून कळतं. तुळयांवर आडवी लाकडं, त्यांवर किलच्या, त्यांवर पाला आणि मातीचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. ही माती पाणी धरत नाही, पण तिची सेवा करावी लागते. मृगाच्या आधी नवी माती टाकायची, उतार नीट करायचा, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं. आणि गळती लागलीच, तर भर पावसात, कंदील घेऊन का होईना, वर जाऊन भोक पायानं दाबायचं. उन्हाळ्यात ४३ अंशांतही माळवदाखाली गार वाटतं ते या मातीमुळे. घरात माणूस नसेल तर हीच माती पाणी पिते, फुगते आणि घर खाली घेऊन येते. सोलापूरचा जोराचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. पेठेतली बंद घरं बसतात ती साधारण तेव्हाच. सिमेंटचा फ्लॅट वीस वर्षं कुलपात राहिला तरी उभा राहतो. माळवदाला माणूस लागतो.

आमचंही असंच एक घर होतं, उत्तर कसब्यात. 'होतं' म्हणायचं की 'आहे', हाच प्रश्न आहे. भिंती गेल्या, जागा आहे. जोतं आहे, आड आहे, आडावर कुणीतरी पत्रा टाकलाय. मी पहिल्यांदाच त्या जागेचा सिटी सर्व्हेचा उतारा काढला. सरकारी भाषेत मिळकत पत्रिका, बोलीत पीआर कार्ड. आता हा उतारा डिजिटल सहीचा, घरबसल्या मिळतो. नगर भूमापन क्रमांक माहीत असला की झालं. आमच्या घरात तो क्रमांक कुणालाच माहीत नव्हता. शेवटी चुलत आत्याच्या ट्रंकेत घरपट्टीची एक जुनी पावती निघाली आणि तिच्या कोपऱ्यात तो सापडला.

उताऱ्याचं एक पान. क्षेत्र ११८.४ चौरस मीटर. हक्काचा मूळ धारक म्हणून पणजोबांचं नाव, आणि नावामागे तीन अक्षरं: ए.कु.मॅ. एकत्र कुटुंब मॅनेजर. पणजोबा स्वातंत्र्याच्या आधीच गेले. एकत्र कुटुंब पुढं तीन चुलींत फुटलं, मग पाच शहरांत. उताऱ्यावर मात्र पणजोबा अजून मॅनेजरकी सांभाळून आहेत. 'इतर भार'च्या रकान्यात एका पेढीचा बोजा आहे. कर्ज फिटल्याची गोष्ट घरात सगळ्यांना पाठ. बोजा उतरवायला कुणी गेलं नाही, आणि आता ती पेढीही राहिलेली नाही.

मग मी वारस मोजले. पणजोबांना चार मुलगे, तीन मुली. तिथून खाली येत येत आज हयात हिस्सेदार सदतीस. हिस्से सारखे नसतात हे खरं, पण नुसती सरासरी काढली तरी माणशी ३.२ चौरस मीटर येतात. एक खाट मावेल आणि चपला काढायला जागा राहील. या एका खाटेसाठी नागपूरहून किंवा हैदराबादहून सुट्टी काढून कोण येणार? आणि आपली खाट सोडून द्या म्हटलं, तर कोण सोडणार? सदतीस जणांपैकी कुणाचीच चूक नाही. प्रत्येकजण आपापल्या जागी शहाण्यासारखाच वागतोय, आणि घर पडतंय.

वारस मोजताना एक गोष्ट डोळ्यांत भरली. घरात आधी एक वंशावळ होती, कुण्या काकांनी फुलस्केपवर काढलेली. तिच्यात पणजोबांच्या तिन्ही मुली नव्हत्या. 'लग्न करून दिल्या' एवढं पुरेसं मानून त्यांना झाडावरून उतरवलं होतं. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला. वडील कधी वारले याला महत्त्व नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा निकालात स्पष्ट केलं. आमच्यासारख्या जुन्या प्रकरणांत कुणाला नेमकं किती, हे वकीलच सांगेल. पण वंशावळीतून बहिणी गाळण्याचा हा फुलस्केपी उद्योग पेठेतल्या निम्म्या कुलपांमागे आहे असं माझं मत झालंय. जिला वंशावळीतून गाळली तिचा नातू तीस वर्षांनी वकिलाची नोटीस घेऊन येतो, आणि कडीत तिसरं, ताजं कुलूप लागतं.

रिकाम्या मिळकतीची नोंद आपल्याकडे नाही असं म्हणवत नाही. नोंदी ढीगभर आहेत, फक्त त्यांची एकमेकींशी ओळख नाही.

महापालिकेच्या कर आकारणीत मिळकतीला एक क्रमांक, मालकाचा रकाना, भोगवटादाराचा रकाना. तिथं प्रश्न एकच: घरपट्टी कोण भरणार? भरणारा मिळाला की फाईल शांत. त्यामुळे घरपट्टी ज्याच्या नावानं येते तोच मालक, असा पेठेत पक्का समज. हा समज साफ चुकीचा आहे. घरपट्टीच्या पावतीनं मालकी सिद्ध होत नाही, फेरफारानंही आपोआप होत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय. नगर भूमापन कार्यालयाचा क्रमांक वेगळा, नावं वेगळी. त्यांना धारक हवा, मग तो हयात असो नसो. महावितरणकडे तिसरा क्रमांक. गंमत म्हणजे घर नेमकं कधी ओस पडलं याची सगळ्यात खरी तारीख तिथं मिळते. मीटर ज्या महिन्यात 'पीडी' झालं, म्हणजे कायमचं तुटलं, त्या महिन्यात घरातला शेवटचा दिवा विझला. ही तारीख मिळकत पत्रिकेवर कधी येत नाही. मीटरचं रीडिंग घेणाऱ्या पोराला गल्लीतलं कुठलं घर रिकामं आहे हे तोंडपाठ असतं, आणि त्याला कुणी विचारत नाही.

महापालिका अधिनियमात एक तरतूद आहे, फार कमी लोकांना माहीत असलेली. मिळकत ठराविक काळ रिकामी राहिली आणि तसं लेखी कळवलं, तर कराचा काही भाग परत मागता येतो. म्हणजे रिकामेपणाची नोंद करण्याची खिडकी कायद्यानं ठेवलेली आहे. तिथं जातो कोण? आपलं घर रिकामं आहे हे लिहून देणं म्हणजे चोराला, भाऊबंदाला आणि सरकारला एकाच वेळी निमंत्रण, असं लोक मानतात. ते अगदीच खुळे आहेत असंही नाही.

चौथी मोजणी जनगणनेची. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ३३ कोटी ८ लाख 'जनगणना घरं' होती, त्यांपैकी सुमारे २ कोटी ४६ लाख रिकामी. २०१७-१८ च्या आर्थिक पाहणी अहवालानं यातली शहरी घरं वेगळी काढली, तर महाराष्ट्र देशात पहिला आला: वीस लाखांवर रिकामी शहरी घरं. अहवालानं कारणंही सुचवली: मालकी हक्कातली संदिग्धता, करार पाळून घेण्यातली कमजोरी, भाड्याचं तोकडं उत्पन्न. पण प्रगणक दारावर क्रमांक टाकतो, 'रिकामं' लिहितो आणि पुढच्या दाराकडे वळतो. रिकामं का, हा रकाना त्याच्या तक्त्यात नसतो. कोपऱ्यावरच्या नव्या इमारतीतला न विकलेला फ्लॅट आणि आमचा उत्तर कसब्यातला मॅनेजरविना वाडा, दोन्ही त्याला सारखेच.

हा रकाना कधीकाळी आपल्याकडे होता. मराठेशाहीच्या दप्तरात थळझाडा नावाचा कागद असे. शिवारातलं प्रत्येक थळ, त्याच्या मूळ धारक घराण्याचं नाव आणि आज ते कोण कसतं, असा झाडा. त्यात एक शब्द सतत भेटतो: गतकूळ. जे कूळ गेलं, निर्वंश झालं किंवा परागंदा झालं, त्याची जमीन. ती पडीक आहे असं नुसतं न लिहिता, कुणाचं कूळ गेलं तेही लिहीत. गतकुळी जमिनीचं काय करायचं हे पाटील आणि गाव मिळून ठरवीत. आणि दुष्काळात गाव सोडून गेलेला मिरासदार कित्येक वर्षांनी परतला, तर त्याचा हक्क सहसा बुडाला असं मानत नसत. 'गेलेला' आणि 'संपलेला' यांतला फरक त्या कागदाला कळत होता. त्या काळाचे गोडवे मला गायचे नाहीत, कुळकर्ण्यांच्या हातचलाखीच्या कथाही त्याच दप्तरात आहेत. पण आजच्या उताऱ्यावर 'मयत' लिहायलासुद्धा वारसालाच जावं लागतं.

खरंच कुणी नसलं तर काय, याची सोय आजच्या कायद्यातही आहे. हिंदू वारसा कायद्याचं कलम २९: एकही वारस नसेल तर मिळकत सरकारकडे, कर्जदायित्वासकट. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३४: भोगवटादार मृत्युपत्र न करता, माहीत असलेला वारस न ठेवता गेला, तर जिल्हाधिकारी जमीन ताब्यात घेऊन वर्षावर्षाच्या मुदतीनं देऊ शकतात. तीन वर्षांत कुणी हक्कदार उभा राहिला तर चौकशी होते, नाही राहिला तर लिलाव करता येतो. आणि वारस असल्याचा कागद हवा असेल, तर दिवाणी न्यायालय आजही १८२७ च्या आठव्या मुंबई रेग्युलेशनखाली वारस दाखला देतं. पेशवाई बुडून जेमतेम नऊ वर्षं झाली होती तेव्हाचा तो कायदा. त्याच्यावर धूळ बसलेली नाही, रोज वापरात आहे.

पेठेतली सगळीच कुलपं भाऊबंदकीची नाहीत. काही भाडेकरूंची आहेत. मुंबई भाडे कायद्यानं भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. पुढं १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, वर्षाला चार टक्के वाढीची मुभा मिळाली. पण चाळीस रुपयांवर चार टक्के म्हणजे किती? मालकाला दुरुस्ती परवडत नाही, भाडेकरूला हक्क सोडवत नाही. भाडेकरूनं विजापूर रोडला बंगला बांधला, जुन्या खोलीत दोन पत्र्याच्या पेट्या ठेवल्या आणि कुलूप लावलं. त्याच कायद्याच्या कलम १६ मध्ये म्हटलंय की सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने जागा ज्यासाठी घेतली त्या कामासाठी वापरली नाही, तर मालक ताबा मागू शकतो. म्हणून काही भाडेकरू दर दोन-तीन महिन्यांनी येतात, उदबत्ती लावतात, झाडून घेतात, शेजाऱ्याकडे चहा पितात. तो चहा साक्षीदाराचा असतो, हे शेजाऱ्यालाही ठाऊक असतं.

मे १९९२ मध्ये सोलापूरची हद्दवाढ झाली आणि शहर एकदम १७८ चौरस किलोमीटरांवर पसरलं. आजही लोक 'हद्दवाढ भाग' असंच म्हणतात. जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड भरत गेले ते बऱ्याच अंशी पेठा रिकाम्या करून. बाहेरून फार लोक आलेच नाहीत: २००१ ते २०११ या दहा वर्षांत शहराची लोकसंख्या ८ लाख ७२ हजारांवरून ९ लाख ५१ हजारांवर, म्हणजे जेमतेम नऊ टक्के वाढली. तरुण पोरं तर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जातात आणि बरीचशी तिकडचीच होतात. आणि याच शहराच्या वेशीवर, कुंभारीला, विडी आणि यंत्रमाग कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत उभी राहिली. पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी दिल्या गेल्या. त्या घरांची गरज होतीच. पण गावठाणात पाणी, गटार, रस्ता सगळं असलेल्या जागा कुलपात आणि गरिबाचं घर गावाबाहेर माळावर, हा हिशेब कुणी एका कागदावर मांडलेला मला दिसला नाही.

बंद दारांबद्दल सोलापूरनं एकदा देशालाच विचार करायला लावला होता. ती गोष्ट सोलापुरातही फारशी सांगितली जात नाही. मुरारजी गोकुळदास शेठजींची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिल, म्हणजे आपली जुनी मिल, १८७७ साली सुरू झाली. २७ ऑगस्ट १९४९ रोजी गिरणी बंद पडली. हजारो कामगार दारात. केंद्र सरकारनं ९ जानेवारी १९५० रोजी, राज्यघटना अमलात यायला सतरा दिवस असताना, वटहुकूम काढून गिरणीचा कारभार ताब्यात घेतला, मग त्याचा कायदा केला. एका भागधारकानं थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं. चिरंजीत लाल चौधरी खटल्याचा निकाल ४ डिसेंबर १९५० रोजी लागला आणि पाच न्यायमूर्तींपैकी तिघांनी सरकारच्या बाजूनं कौल दिला. दुसऱ्या भागधारकाच्या, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्यात १८ डिसेंबर १९५३ रोजी उलटं झालं: मोबदला न देता असा ताबा घेणं म्हणजे मालमत्ता हिरावणंच, असं न्यायालयानं ठरवलं. असल्या निकालांना उत्तर म्हणून १९५५ मध्ये चौथी घटनादुरुस्ती झाली. पुढं ४४ व्या दुरुस्तीनं मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून गेला आणि ३००-अ या अनुच्छेदात साधा घटनात्मक हक्क म्हणून उरला. चालवायची नाही आणि सोडायचीही नाही अशा मिळकतीवर समाजाचा काही हक्क पोचतो का, हा प्रश्न सोलापूरच्या एका फाटकातून निघाला आणि घटनेत जाऊन बसला. गिरणी नंतर चालली, साठच्या दशकात कायमची थांबली. मग लक्ष्मी-विष्णू थांबली, नरसिंग गिरजी थांबली. गिरण्यांच्या जमिनींचं रामायण वेगळ्या लेखाचं आहे, इथं शिरलो तर बाहेर पडणार नाही.

आमच्यासारखंच दुखणं जपानचं आहे. २०२३ च्या तिथल्या पाहणीत नव्वद लाख घरं रिकामी निघाली, एकूण घरांच्या १३.८ टक्के. त्याहून वाईट म्हणजे ज्यांचा मालक कागदावरून शोधताच येत नाही अशा जमिनी. २०१६ च्या अंदाजानुसार त्या सगळ्या मिळून क्युशू बेटापेक्षा मोठ्या. कारण तेच: आजोबा गेले, नाव तसंच राहिलं, वारसांचे वारस झाले. त्यांनी १ एप्रिल २०२४ पासून वारस नोंद सक्तीची केली. वारसा कळल्यापासून तीन वर्षांत नोंद नाही केली तर एक लाख येनपर्यंत दंड. जुन्या मयतांनाही हा नियम लागू. आपल्या महसूल संहितेत वारसानं तीन महिन्यांत कळवावं असं म्हटलेलं आहेच. जपाननं तीन वर्षं दिली आणि पाळून घ्यायचं ठरवलं. आपण तीन महिने दिले आणि विसरलो.

अगदीच विसरलो असंही नाही. २०२५ मध्ये बुलढाण्यातून 'जिवंत सातबारा' मोहीम निघाली आणि त्या एप्रिलपासून राज्यभर झाली. शेतजमिनीच्या सातबाऱ्यावरचे मयत खातेदार काढून वारसांची नावं लावायची, तीही गावात जाऊन. चांगली मोहीम. शहरातल्या मिळकत पत्रिकांना असं जिवंत करायला कोण येणार, एवढंच विचारायचं आहे. तिथली सगळीच प्रकरणं काही गुंतागुंतीची नसतात. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, खरी वंशावळ, नगर भूमापन अधिकाऱ्याकडे अर्ज, हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस. हरकत नाही आली तर परिरक्षण भूमापक फेरफार ओढतो. वाटणीचा वाद या टप्प्यावर येतच नाही. नाव लागणं वेगळं, वाटणी वेगळी. लोक दोन्हीची गाठ मारतात आणि दोन्ही सोडून देतात.

पुढची वाटही बंद नसते. रक्तातल्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीचं हक्कसोडपत्र नाममात्र मुद्रांकावर होतं. सगळ्यांचं जमत नसेल, तर १८९३ चा वाटणी कायदा आहे. जागा तुकडे करून वाटण्यासारखी नसेल आणि निम्म्या किंवा जास्त हिश्शाच्या मालकांनी मागणी केली, तर न्यायालय ती विकून पैसे वाटायला सांगू शकतं. शंभर-सव्वाशे चौरस मीटरच्या पेठेतल्या जागेला हाच उपाय बहुधा लागू पडतो. आणि नुसतं बसून राहण्याची किंमत असते. परक्यानं उघडपणे, मालकाचा हक्क झुगारून, बारा वर्षं ताबा ठेवला तर मुदतीच्या कायद्यानं मूळ मालकाचा दावा संपू शकतो. भाऊ किंवा चुलतभाऊ राहतोय एवढ्यानं तसं होत नाही, सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीनं मानतात. पण शेजाऱ्याची भिंत दर पावसाळ्यानंतर वीतभर सरकत येते, ती कुणाच्या वतीनं येते?

महापालिका पावसाळ्याआधी धोकादायक इमारतींना अधिनियमाच्या कलम २६४ खाली नोटिसा देते. अतिधोकादायक म्हणजे सी-१. नोटीस मालकाला किंवा भोगवटादाराला द्यायची असते, तो नसला तर दारावर डकवायची. कडीत तीन कुलपं असलेल्या त्या दारावर तशा एका नोटिशीचे गोंद लागलेले चार कोपरे शिल्लक आहेत. मधला कागद पावसानं नेला. नोटीस पोचली का, याचं कायदेशीर उत्तर 'हो' आहे.

माझं म्हणणं शहराच्या सोयीचं आहे आणि फार खर्चाचंही नाही. प्रत्येक बंद मिळकतीचं एक पान करावं. सिटी सर्व्हेचा क्रमांक आणि घरपट्टीचा क्रमांक शेजारी शेजारी. वीज कधी तुटली ती तारीख. उताऱ्यावरचं नाव हयात की मयत. घरपट्टी कोण भरतं. आणि रिकामं का: वारसांचा वाद, भाडेकरूचं कुलूप, न्यायालयाचा मनाई हुकूम, की नुसतंच पुण्याला गेलेत. कारण कळलं की इलाज वेगळा होतो. पुण्याला गेलेल्याला एक फोन पुरतो, मनाई हुकुमाला फोन चालत नाही. मात्र ही यादी चौकात लावायची नाही, संकेतस्थळावरही नाही. रिकाम्या घरांची जाहीर यादी म्हणजे जागा लाटणाऱ्यांना वाढलेलं ताट. थळझाडा कुळकर्ण्याच्या दप्तरात असे, चावडीच्या भिंतीवर नसे.

नवरात्रात पुन्हा शुक्रवार पेठेत गेलो. तिन्ही कुलपं जागच्या जागी. आजी म्हणाल्या, त्या घरातले धाकटे लक्ष्मीपूजनाला येऊन दारात पणती लावून जातात, दरवर्षी. मधले येत नाहीत. थोरल्यांची सून एकदा गाडीतून आली होती, खाली उतरली नाही.

आमच्या घरापुरतं सांगायचं तर वारस नोंदीचा अर्ज दिलाय. नोटीस काढायला सगळ्यांचे पत्ते लागतात. सदतीसपैकी एकोणतीस मिळाले. उरलेले आठ पणजोबांच्या मधल्या मुलीकडचे आहेत. ती १९३० च्या सुमारास लग्न होऊन गुलबर्ग्याकडे गेली, आणि आमच्या वंशावळीत नव्हती. उत्तर कसब्याचं आजोळ सांगणारं कुणी हा अंक वाचत असेल, तर अंकाच्या पत्त्यावर चार ओळी पाठवाव्यात.